दुसऱ्याचे गाणे, आपला गळा

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी आम्ही कात्रजच्या एका कॉफीगृहात जाऊन बसलो. कॉफीसाठी नव्हे, कॉफी आम्हांला घरचीच रुचते. आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात सात वर्षे गिटार वाजवलेला एक तरुण तिथे आपल्या तीन सोबत्यांसह वाजवणार होता, आणि त्याच्या आईने मिस्सानंतर आम्हांला गाठून गळ घातली होती, ‘तुम्ही एकदा ऐका आणि स्पष्ट सांगा, हे संगीत आहे की नुसती भटकंती?’ प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्हांला त्या संध्याकाळी देता आले नाही. त्यानंतर आम्ही त्या मुलांना आणखी दोनदा ऐकले, काही वाचले, एक चित्रपट पुन्हा पाहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या माउलीला दिलेले, जरा लांबलेले उत्तर आहे.

‘कव्हर बँड’ हा शब्द आमच्या पिढीला नवा असला तरी वस्तू नवी नाही. इतरांनी रचलेली आणि इतरांनीच गाऊन लोकप्रिय केलेली गाणी जो वाद्यवृंद वाजवतो, तो कव्हर बँड. तरुणपणी बालगंधर्व रंगमंदिरात तिकिटे काढून आम्ही ज्याला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत असू, तोही हाच. तिथे निवेदक असे, झगमगते कोट असत आणि मध्यंतरात बटाटावडा असे. इथे चार मुले, दोन गिटारी, एक ध्वनिक्षेपक आणि एक लाकडी खोके. त्या खोक्यावर बसूनच ते तळव्यांनी वाजवायचे असते. त्याला ‘कहोन’ म्हणतात आणि ते मूळचे पेरू देशातले, हे ज्ञान आम्हांला त्या दिवशी झाले. गाणारी मुलगी मडगावकडची, कात्रजच्या परिसरात शिक्षणासाठी राहिलेली. बाकीचे तिघे पुण्याचेच.

कात्रज म्हटले की जुन्या पुणेकराला घाट आठवतो, नानासाहेब पेशव्यांच्या काळातले तळे आणि तिथून शहरातल्या हौदांपर्यंत नळाने आणलेले पाणी आठवते. आता तिथे महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, घरापासून दूर असलेली हजारो मुले आहेत. त्यांच्यासाठी कॉफीगृहे निघाली, आणि कॉफीगृहांच्या मालकांना शनिवारी गर्दी हवी म्हणून गाणारे आले. या मुलांची मुशाफिरी अशी कात्रजमध्ये सुरू झाली आणि मग कोंढवा, बाणेर, कोरेगाव पार्क अशी फिरत राहिली.

त्यांनी आम्हांला आपल्या हकिकती सांगितल्या त्या हसत हसत, पण त्यांतल्या काही हसण्यासारख्या नव्हत्या. पहिलाच कार्यक्रम एका बारमध्ये होता आणि त्याच रात्री क्रिकेटचा सामना. मालकाने दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवले. पाचव्या गाण्याच्या शेवटी टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की मुलांनी उठून, लवून अभिवादन केले. मागे वळून पाहतात तो पडद्यावर बळी गेलेला! दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ कागदी रुमालावर एकाच गाण्याचे नाव लिहून तीनदा पाठवत राहिले आणि तिन्ही वेळा रडले. तिसऱ्या ठिकाणी ठरलेल्या बिदागीतून जेवणाचे पैसे कापले गेले, आणि ते जेवण त्यांनी मागितलेलेही नव्हते. रिक्षात ध्वनिवर्धक, कहोन आणि तीन माणसे कशी बसतात याचे त्यांनी शास्त्रच बनवले आहे. चौथा बसने येतो. कोण, ते चिठ्ठी टाकून ठरते.

आता त्यांच्या वादनाविषयी. कात्रजच्या त्या पहिल्या संध्याकाळी आमची निराशा झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलांची तयारी होती; सूर पक्के, ताल पक्का. पण सारे कसे तंतोतंत होते! मूळ ध्वनिमुद्रिकेत जिथे तार किंचित घसरली आहे, तिथे आमच्या मित्रानेही ती मुद्दाम घसरवली. गाणारी मुलगी मडगावची आणि उच्चार मात्र थेट टेनेसीचे. शब्द पाठ नव्हते, म्हणून चौघांचेही डोळे मोबाइलच्या पडद्यावर. समोर बसलेल्या माणसांकडे कोणी पाहतच नव्हते. मध्येच आतून थंड कॉफी घुसळण्याचे यंत्र सुरू होई आणि एक ओळ त्यात वाहून जाई. ती गेल्याचे गाणाऱ्यांनाही जाणवत नसे, ऐकणाऱ्यांनाही नाही. गाणे बरोबर झाले होते, आणि तरी झाले नव्हते.

दुसरी वेळ एका गच्चीवरच्या बारमधली. तिथे रात्रीचे दहा वाजले आणि ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो लावू नये, असा २००० सालचा केंद्र सरकारचा नियमच आहे आणि शेजारच्या इमारतींतल्या लोकांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मालक म्हणाला, ‘आटोपा.’ मुले आवराआवर करू लागली. तेवढ्यात एका टेबलावरून कोणी तरी कोंकणीत काही म्हणाले, मुलगी तिकडे वळली, आणि नुसती उभी राहून गाऊ लागली. गाणे गोमंतकीय संगीतकार क्रिस पेरी यांचे होते. तिने पट्टी खाली घेतली, लय मूळ गाण्याच्या निम्मी केली. कहोनवाल्याने फक्त बोटांची टोके वापरली. आमच्या मित्राने ठरलेला गिटारचा तुकडा वाजवलाच नाही. तो दोनच स्वरगुच्छ आळीपाळीने धरून राहिला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. पेले खाली ठेवले गेले. हा मूळ गाण्याचा नमुना नव्हता. तरी गाणे तेच होते. आम्ही त्या रात्री घरी परतलो ते आमच्याच एका जुन्या मताविषयी साशंक होऊन.

ते मत असे. पुष्कळ वर्षांपूर्वी गायकवृंदाच्या एका स्मरणिकेत आम्ही मोठ्या अभिनिवेशाने लिहिले होते की जो दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे गातो त्याला कलावंत म्हणू नये, पोपट म्हणावे. शब्द टाळीचा होता. तो वाचून एका होतकरू मुलाने पेटी सोडल्याचे आम्हांला उशिरा कळले. आज तो शब्द आम्ही परत घेत आहोत. पूर्ण नव्हे, अर्धा. कात्रजच्या पहिल्या संध्याकाळसाठी तो अजूनही चालेल. गच्चीवरच्या रात्रीसाठी चालणार नाही.

आणि मुळात आपल्या समाजाने तरी तो शब्द वापरण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा. गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांत ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, मुळात प्रार्थनागीतांसाठी. तीच मुले मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरली आणि पोटासाठी हॉटेलांतून, क्लबांतून वाजवू लागली. काय वाजवत? अमेरिकेहून आलेल्या तबकड्यांवर जे ऐकू येई ते. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ (१९१६–१९६७) मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून. ट्रम्पेट आर्मस्ट्राँगच्या धाटणीचा, आणि खर्जातला घोगरा गळाही त्याच्याच वळणाचा. आमच्या जुन्या व्याख्येप्रमाणे पोपटच की! पण १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादांनी त्यांना त्यांच्या साथीदारांसह पडद्यावर आणले, त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र होते आणि चिक चॉकलेट त्यांच्या संगीताच्या घडणीत सहभागी होते. दोन मराठी माणसांनी हिंदी चित्रपटाला दिलेला तो स्विंगचा झोका कुठून आला, हे शोधू गेलो तर वाट एका नकलेपाशी जाऊन पोचते. तिने पुढे काय दिले, हे सारा देश गुणगुणतो.

नशिबाचा भाग असा की १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यालये कोरडी पडली आणि क्लबांची मिळकत आटली. ज्यांना स्वरलिपी वाचता येई त्यांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी उचलले. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात आपला बँड चालवणारे सेबास्तियन डिसोझा मुंबईत येऊन शंकर-जयकिशन यांच्या आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना करू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेला मोठा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. आणि सर्वसामान्यांना त्यांचे नाव ठाऊक झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे, म्हणजे शिष्याने वाहिलेल्या आदरांजलीमुळे. त्या चित्रपटातला अँथनी देशी दारूचा अड्डा चालवतो. ख्रिस्ती माणूस आणि बाटली यांची ही जोडी हिंदी चित्रपटाने इतकी घट्ट बांधली की मुलगा बारमध्ये गिटार वाजवतो म्हटल्यावर आपल्याच आयांच्या काळजात धस्स होते. तो दोष त्या आयांचा नव्हे.

या साऱ्या इतिहासावर दोन ग्रंथ आवर्जून वाचावेत असे आहेत. ग्रेगरी बूथ यांचा, चित्रपटसंगीताच्या पडद्यामागच्या वादकांवरचा २००८ चा ग्रंथ, आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझयुगावरचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. बूथ वादकांना बोलू देतात. शास्त्रीय शिस्तीचे असूनही त्यांचे पुस्तक वाचताना माणसे भेटत राहतात. फर्नांडिस यांची लेखणी अधिक रसाळ, छायाचित्रे तर अप्रतिम. पण अशा ग्रंथांना एक मर्यादा असतेच. ज्यांची छायाचित्रे निघाली, ज्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत आल्या, त्यांचाच इतिहास लिहिला जातो. ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात झगा-कोटांत उभे राहिलेले वादक त्यात येतात. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात आठवड्यातून दोन रात्री वाजवून शेवटची लोकल पकडणारा तिसऱ्या फळीतला वादक येत नाही. आणि कात्रजची मुले कोणाची वंशज असतील, तर त्या तिसऱ्या फळीची.

चित्रपटाकडे वळू. बार्डरॉय बार्रेतो यांचा ‘नाचोंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. ‘कुंपास’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. तालावर नाचू या, असा नावाचा अर्थ. मुंबईत बँड चालवणारा ट्रम्पेटवादक लॉरी गायिकेच्या शोधात गोव्यात येतो, त्याला डोना सापडते, तो तिला घडवतो. तो विवाहित आहे आणि तरी दोघे प्रेमात पडतात. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको. विजय मौर्य यांचा लॉरी एकाच वेळी गुरू आणि जुलमी मालक वाटतो, हे त्यांचे यश. पालोमी घोष यांची मातृभाषा कोंकणी नाही, पण डोनाची भूमिका करताना त्या परभाषेत वावरत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. त्यांना परीक्षकांचा विशेष उल्लेख लाभला तो रास्तच होता.

पण आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या चित्रपटाची खरी गंमत अन्यत्र आहे. त्यातली गाणी नवी नाहीत. ती पेरींची जुनी गाणी आहेत. रॉनी मोन्सेरात यांनी त्यांची वाद्यरचना नव्याने केली, आणि दिग्दर्शकाने ती अशा क्रमाने ओवली की गाण्यांतूनच कथा उभी राहावी. म्हणजे हा सबंध चित्रपटच एक कव्हर आहे! आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ज्यांनी ती गाणी लग्नघरांत, फेस्ताच्या मांडवात शेकडो वेळा ऐकली होती त्यांना ती प्रथमच ऐकल्यासारखी वाटली. ‘बेब्दो’ हे लॉर्नाने गाजवलेले दारुड्याचे गाणे घ्या. समारंभांत ते थट्टेचे म्हणून वाजते. ज्या कथेत मद्य आणि दिवे यांच्याच सोबतीने एक मुलगी एकटी पडत जाते, तिच्या शेजारी ठेवले की त्याच थट्टेला धार येते. स्वर बदललेला नाही, शेजार बदलला आहे.

चित्रपटावर आमचा एक आक्षेप आहे. घरी राहिलेल्या पत्नीची बाजू त्यात अधिक ऐकू यायला हवी होती. ट्रम्पेटच्या झळाळीत दिग्दर्शक स्वतःच थोडा दिपून गेल्यासारखा वाटतो, आणि एका कुटुंबाची होणारी पडझड गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत उरकली जाते. आपल्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, ते खटकेल, खटकावेही. प्रत्यक्ष आयुष्यातली लॉर्ना १९७० च्या दशकात मंचावरून नाहीशी झाली आणि १९९५ मध्ये पुन्हा गाऊ लागली. मधली वर्षे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत सापडणार नाहीत.

नकलेच्या बाजूने बोलताना परदेशांचे दाखले सहसा आधी दिले जातात. आम्ही ते मागे ठेवले, कारण घरचे पुरेसे होते. तरी दोन सांगतो. बीटल्सनी १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या बारमध्ये रात्र रात्र उभे राहून इतरांची गाणी वाजवली. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरच्या चौदा गाण्यांतही सहा इतरांचीच आहेत. बॉब डिलन न्यूयॉर्कच्या कॉफीगृहांत गाऊ लागला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे फारसे काही नव्हते; १९६२ च्या पहिल्या तबकडीवरच्या तेरांपैकी दोनच गाणी त्याची. तेव्हा आमच्या स्मरणिकेतली व्याख्या कोणी त्यांना ऐकवली असती, तर? पण हा दाखला जपून वापरावा. हॅम्बुर्गमध्ये त्याच काळात वाजवणारे आणि पुढे कोणीही न झालेले शेकडो असतील, आणि कव्हर बँडचे समर्थन तो एक दिवस बीटल्स होईल या आशेवर करायचे असेल, तर ते समर्थनच नव्हे.

पुणेकरांनी विसर्जन मिरवणुकीत प्रभात ब्रास बँडला कधी विचारले का, की तुमची स्वतःची रचना कुठे आहे? लोक गाणे ओळखतात, म्हणून थांबतात. बँड ते किती रंगवतो, म्हणून थांबून राहतात. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी स्वतः निर्माण केली नव्हती. ती आधीपासून मराठी घराघरांत होती. त्यांनी तिच्यात आपला आशय ओतला. हे अर्थात कव्हरपेक्षा फार मोठे काम आहे आणि आम्ही दोन्ही एका तराजूत घालत नाही. पण परक्या साच्यात आपला श्वास भरण्याची गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या पायाशीच आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

कायद्याचा एक मुद्दा पालकांना उपयोगी म्हणून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बारमध्ये किंवा कॉफीगृहात इतरांचे गाणे जाहीरपणे सादर करायचे तर परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो देणारी संस्था १९६९ पासून आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींना आणि लग्नाशी निगडित समारंभांना कायद्यानेच सूट आहे. परवान्याचे मालकाशी आधी बोलून घ्यावे. या मुलांनी ते दुसऱ्या वर्षी केले.

राहिला बारचा प्रश्न. आम्ही तो टाळणार नाही, कारण आईच्या प्रश्नाच्या तळाशी तोच होता. तिसऱ्या वेळी आम्ही गेलो तो नेहमीचा बार होता, धुराने आणि गोंगाटाने भरलेला. मुले पाणी पीत होती, हे आम्ही पाहिले. त्याहून एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. एका प्यालेल्या माणसाने मुलीला उद्देशून काही तरी ओरडले, तेव्हा आमच्या मित्राने गाणे अर्ध्यावर थांबवले, तारांवर तळवा ठेवला आणि मालकाकडे पाहत उभा राहिला. मालकाने त्या गृहस्थाला बाहेर नेईपर्यंत एकही स्वर वाजला नाही. मग गाणे पहिल्यापासून सुरू झाले. तो तळवा ठेवण्याचा निर्णय एका क्षणाचा होता, आणि वाद्यवृंदातल्या चौघांनाही तो एकाच वेळी कळला. एकमेकांकडे पाहत वाजवणे ते आता शिकले होते. मोबाइल खिशात गेले होते. वीस गाणी सगळ्यांना तोंडपाठ होती.

दोष आहेत. निवड अजून भीतीपोटी होते. गर्दी ओळखेल तेच घेतले जाते. मराठी गाणे एकही नाही, हे कात्रजच्या बँडला शोभत नाही, आणि ते आम्ही त्यांना तोंडावर सांगितले. ‘काका, मराठी गायला लागलो की लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात, चुका कळतात,’ असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते. सबब म्हणून मात्र ते चालणार नाही. मुलीचे टेनेसी बरेच कमी झाले आहे.

त्या आईला आम्ही सांगितले की हे संगीत आहे, दर वेळी नाही. तिने विचारले, ‘आणि रविवारची मिस्सा? शनिवारी रात्री एक वाजता घरी येतो, सकाळी सातला गिटार घेऊन उभा कसा राहणार?’ याचे उत्तर समीक्षेजवळ नव्हते. गायकवृंदाच्या प्रमुखांशी बोललो. शनिवारचा सराव आता गुरुवारी होतो, आणि हा मुलगा साडेनऊच्या मिस्साला वाजवतो. गेल्या रविवारी अर्पणगीताच्या वेळी त्याने ठरलेला तुकडा वाजवला नाही. दोनच स्वरगुच्छ धरून तो गाणाऱ्यांकडे पाहत राहिला. प्रमुखांनी नंतर त्याला विचारले, विसरलास काय?